खाडीपलीकडचा किनारा

बोरीवली स्थानकाच्या पश्चिमेस उतरून रिक्षावाल्यास 'गोराईला जावयाचे आहे' असे सांगितले, की तो प्रथम विचारतो, 'अलीकडची की पलीकडची?' अलीकडची गोराई म्हणजे वसाहत. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८० नंतर चारकोप आणि गोराई येथे भूखंड पाडून घरे वसविण्यात आली, त्यांतली ही एक. पलीकडची गोराई म्हणजे गाव. मध्ये खाडी. त्या खाडीवर पूल नाही. होडीने पंधरा मिनिटांत पार होणारे हे पाणी रस्त्याने ओलांडावयाचे म्हटल्यास दहिसरवरून, भाईंदरवरून, उत्तनवरून भला मोठा वळसा घालावा लागतो. आजचे आमचे सारे सांगणे ह्या एका प्रश्नात आले आहे. अलीकडचे काय झाले आणि पलीकडचे तसे का झाले नाही, एवढेच आम्हांस पाहावयाचे आहे.

आपल्यापैकी पुष्कळजण सुट्टीत रत्नागिरीस, तारकर्लीस किंवा गोव्यास जातात आणि परत आल्यावर एखादा 'अस्पर्श' किनारा सापडल्याचे कौतुकाने सांगतात. त्यांना आम्ही नावे ठेवीत नाही. आम्हीही तेच करीत आलो. पण अंधेरीच्या माणसाला हरिहरेश्वर ठाऊक असावे आणि एरंगळ ठाऊक नसावे, ह्याला काय म्हणावे? मुलुंड-घाटकोपरची मंडळी तर साष्टीच्या दुसऱ्या अंगास राहतात. त्यांच्या दाराशी ठाण्याची खाडी आहे, आणि तिच्यातील रोहित पक्ष्यांसाठी २०१५ साली तेथे अभयारण्य घोषित झाले. तरी त्यांच्याच बेटाच्या पश्चिमेस वेसाव्यापासून उत्तनपर्यंत खडकांची टोके आणि त्यांच्या कुशीतल्या वाळूच्या चंद्रकोरी आहेत, हे त्यांतल्या थोड्यांनाच माहीत असते.

ह्या किनाऱ्याची घडण प्रथम सांगितली पाहिजे. सह्याद्रीचा काळा पत्थर आपल्या ओळखीचा. साष्टीच्या पश्चिम कडेचा खडक मात्र बराचसा निराळा, फिकट, पिवळसर झाकेचा आहे. ज्वालामुखीच्या उद्रेकांचा शेवटचा काळ त्याने पाहिला असे भूशास्त्रज्ञ सांगतात. मालाडचा दगड म्हणून जो प्रसिद्ध आहे तो ह्याच कुळातला, आणि मुंबईच्या कित्येक जुन्या सार्वजनिक इमारतींना तो लागलेला आहे. येथे खडकांचे थर समुद्राच्या दिशेने कललेले आहेत. कठीण थर टोके होऊन पाण्यात शिरले, नरम भाग झिजून मागे हटला आणि त्या खोबणीत वाळू साठली. मढ, एरंगळ, आक्सा, मार्वे, मनोरी, गोराई ही नावे दक्षिणेकडून उत्तरेकडे घेत गेले की हीच रचना पुन्हा पुन्हा भेटते. वर ताडांची राने, नारळीच्या वाड्या, खाडीच्या तोंडाशी तिवरांची दाट झाडी. सुरूची झाडे तेवढी मूळची येथली नव्हेत. ते ऑस्ट्रेलियाकडचे झाड, वाळू धरून ठेवण्यास उपयोगी म्हणून माणसाने लावलेले. किनारा म्हटला की चित्रकार सुरू काढतो, म्हणून एवढे सांगितले.

ह्या वाळूवर पहिला माणूस केव्हा आला? लेफ्टनंट कमांडर टॉड हा नौदलातला गृहस्थ. कांदिवलीच्या अश्मयुगीन हत्यारांवरचा त्याचा लेख १९३९ मध्ये आला. मुंबईच्या परिसरात, विशेषतः मढ-मार्वे-मनोरीच्या बाजूस त्याला गारगोटीच्या जातीच्या दगडांची इवलीइवली पाती सापडली, आणि १९५० मध्ये त्याने त्यांवरही लिहिले. नखाएवढी ही पाती लाकडात किंवा हाडात बसवून त्यांचे हत्यार करीत. शिंपल्यांवर आणि माशांवर जगणाऱ्या माणसांना हे किनारे तेव्हाच सापडले होते. तेव्हा 'शोध' हा शब्द येथे जपून वापरलेला बरा.

पुढचा मोठा पुरावा बोरीवलीतच आहे. एकसर हे नाव आज इमारतींच्या पाट्यांवर वाचावयास मिळते, पण ते फार जुन्या गावाचे नाव आहे. तेथे वीरगळ आहेत. गेल्या शतकाआधीच्या ठाणे गॅझेटिअरात सहांची नोंद आहे. रणात पडलेल्या वीरासाठी असा दगड उभा करण्याची चाल महाराष्ट्रात सर्वत्र होती आणि गावोगाव असे दगड मारुतीच्या देवळामागे पडलेले दिसतात. त्यांवर बहुधा घोडे असतात, गाई पळविणारे चोर असतात, ढाल-तलवार असते. एकसरच्या काही दगडांवर मात्र गलबते आहेत. डोलकाठ्या उभ्या आहेत, वल्ह्यांची रांग पाण्यात आहे, धनुर्धारी बाण सोडीत आहेत. त्यावरच्या पट्टीत वीर विमानातून स्वर्गास जात आहे आणि अगदी वर शिवलिंगाची पूजा चालली आहे. नौकायुद्धाचे इतके तपशीलवार जुने चित्रण महाराष्ट्रात दुसरीकडे शोधून सापडणे कठीण.

हे युद्ध कोणाचे? दगडांवर नाव वाचता येत नाही, म्हणून विद्वानांत मतभेद आहेत. पुष्कळांचा तर्क असा की, देवगिरीचा महादेव यादव आणि उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर ह्यांच्यातली ही लढाई, सुमारे १२६५ ची. यादवांचा मंत्री हेमाद्री ह्याने सोमेश्वराच्या अंताविषयी लिहिताना तो समुद्रात बुडाला असे म्हटले आहे. महादेवाच्या कोपापेक्षा समुद्राचा वडवानल त्याला बरा वाटला, अशा अर्थाचा तो दरबारी अलंकार आहे. हा तर्क बरोबर असेल तर तीन घराण्यांच्या शिलाहार वंशातली कोकणची एक शाखा ह्याच पाण्यात कोठेतरी संपली. आम्ही तर्क धरून बसत नाही. पण गलबते कोरलेले दगड एकसरला उभे राहिले, ह्याचा अर्थ एकसरच्या लोकांना समुद्र जवळचा होता. आज तेथे उभे राहिल्यास समुद्राचा वासही येत नाही. खाडी पश्चिमेस आहे, पण तिच्या आणि दगडांच्या मध्ये आपण राहतो.

साष्टी हे नाव सहासष्ट गावांवरून पडले असे सांगतात. ह्या गावांचे अंतरंग ज्या एका मराठी ग्रंथात दिसते तो म्हणजे महिकावतीची बखर. वि. का. राजवाड्यांनी ती १९२४ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यातला सर्वांत जुना भाग १४४८ चा, केशवाचार्याचा. ह्या केशवाचार्याला लिहावयास लावणारा नायकोराव हा मालाडचा. 'महाराष्ट्रधर्म' हा शब्द रामदासांच्या आधी दोनशे वर्षे ह्या बखरीत येतो, आणि त्याच्या मागे उभा आहे आपल्या मालाडचा एक देसला! मालाड स्थानकावर लोकलची वाट पाहताना ही गोष्ट कोणाच्या मनात येत असेल असे आम्हांस वाटत नाही.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशहाने वसईच्या तहाने हा प्रदेश पोर्तुगीजांस दिला. त्यांनी किनाऱ्यावर चर्चे बांधली. एरंगळच्या वाळूला लागून उभे असलेले संत बोनाव्हेंचरचे चर्च सोळाव्या शतकातले. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी तेथे जत्रा भरते आणि धर्म न पाहता सारी पंचक्रोशी लोटते. गावकऱ्यांतले जे ख्रिस्ती झाले त्यांचे वंशज स्वतःस ईस्ट इंडियन म्हणवितात. हे नाव त्यांनी १८८७ च्या सुमारास घेतले, म्हणजे इंग्रजी अमलात. बाहेरच्या माणसाला ते पूर्व भारतातले वाटतात. प्रत्यक्षात त्यांच्या घरातली बोली मराठीच आहे, आणि लग्नातली त्यांची गाणी ऐकली तर कोणाही कोकणी आजीचे डोळे पाणावतील.

गोराई, मनोरी, उत्तन, डोंगरी, चौक ही गावे ज्या भूभागावर आहेत त्याचे जुने नाव धारावी बेट. शीव-माहीमजवळची धारावी ती वेगळी. ह्या बेटाच्या खाणींतला दगड वसईच्या वास्तूंना गेला असे गॅझेटिअर सांगते. पण धारावीचे खरे महत्त्व तिच्या जागेत होते. वसईच्या खाडीचे दक्षिण तोंड तिच्या हाती. वसईला समुद्रातून दाणागोटा आणि माणसे पोचावयाची तर धारावीच्या नजरेखालून जावे लागे. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे घेतले, तरी वसई पडेना. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसईला शेवटचा वेढा घातला तेव्हा वर्षाच्या आरंभीच वेसावे आणि धारावी मराठ्यांच्या हाती आली, आणि मे महिन्यात वसई शरण आली. शाळेत आपण वसईचे सुरुंग, बुरूज आणि चिमाजीअप्पांचा निर्धार शिकतो, आणि ते योग्यच आहे. धारावी मात्र कोणी शिकवीत नाही. वसईच्या विजयात ह्या दुर्लक्षित टेकडीचा वाटा आहे हे कळण्यास आम्हांला स्वतः चौकच्या टोकावर उभे राहावे लागले. तेथून खाडीपलीकडे वसई दिसते. मग वेढ्याचा नकाशा वेगळा समजावून घ्यावा लागत नाही.

वेसाव्याचा किल्ला नावाने वेसाव्याचा असला तरी वेसाव्यात नाही. तो मालाडच्या खाडीच्या मुखाशी, उत्तर तीरावर, मढच्या टोकाला आहे. आज तो हवाई दलाकडे आहे. पलीकडच्या तीरावरून अलीकडच्या गावाचे नाव लागावे ह्याचे कारण उघड आहे : तेव्हा खाडी ही वाट होती, भिंत नव्हती.

ती भिंत केव्हा झाली? १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे आणि साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. पुढे त्यांनी मुंबई बेट साष्टीला जोडावयास घेतले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शीवचा बांध झाला. माहीमच्या खाडीवर मात्र होडीनेच ये-जा होती, आणि होड्या उलटून माणसे बुडत. सरकार पैसा देईना, तेव्हा अवाबाई जमशेटजी जीजीभॉय ह्यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले, ओलांडणाऱ्याकडून जकात घेऊ नये एवढीच अट घातली, आणि १८४५ मध्ये माहीमचा पूल खुला झाला. मग आगगाडी आली. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे. १८६७ मध्ये पश्चिमेकडून विरार ते बॅकबे रोज लोकल धावू लागली. रुळांनी साष्टीचा मधला कोरडा पट्टा धरला. गावाचे तोंड जे समुद्राकडे होते ते वळून स्थानकाकडे झाले. बंदरे मागील दारी गेली. १९२० मध्ये ठाण्यातून काढून मुंबई उपनगर जिल्हा केला तोही रुळांच्या हिशेबाने चालला. गोराई-मनोरी १९५७ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आली; उत्तन ठाणे जिल्ह्यातच राहिले. एकाच बेटाचे दोन तुकडे झाले आणि दोन्हीकडून ते दूरचेच ठरले.

ह्या दूरपणानेच किनारा राखला, असे आमचे मत आहे. दक्षिणेकडून उत्तरेकडे जात पाहा. माहीमचा पूल झाला आणि वांद्रे, जे कोळी-भंडाऱ्यांचे आणि शेतकऱ्यांचे गाव होते, ते शहराच्या हवापालटाचे ठिकाण झाले. वांद्रे भरले तेव्हा जुहू सापडले. शस्त्रक्रियेनंतर तुरुंगातून सुटलेले महात्मा गांधी १९२४ च्या मार्चपासून मेपर्यंत विश्रांतीसाठी जुहूस राहिले, कारण तेथे शांतता होती. १९४४ मध्ये आगाखान महालातून सुटल्यावरही ते जुहूलाच आले. १९२८ मध्ये तेथे विमानतळ झाला होता. १९३२ च्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटा टपालाचे विमान घेऊन उतरले ते तेथेच. आज जुहूला विश्रांतीसाठी जा असे कोणी वैद्य सांगेल काय? जुहू भरले तेव्हा वेसावे, वेसावे भरले तेव्हा आक्सा, आक्सा गजबजले तेव्हा मनोरी. दर पिढीला एक किनारा सापडतो आणि मागल्या पिढीचा टाकला जातो. ह्याला आपण शोध म्हणतो. शेतकरी जुनी जमीन थकली की राब घालून नवी करी. तो निदान काही वर्षांनी जुनीकडे परत येई.

वेसाव्याकडे मात्र परत येणारे निघाले. २०१५ च्या ऑक्टोबरात अफरोज शाह ह्या वकिलाने तेथला कचरा हातांनी उचलण्यास आरंभ केला. शेकडो माणसे जमत गेली. २०१८ च्या मार्चमध्ये ऑलिव्ह रिडले कासवाची पिले त्या वाळूतून समुद्राकडे जाताना दिसली, आणि वीस-एक वर्षांत हे घडले नव्हते. कचरा त्यानंतरही येत राहिला. पोयसर, ओशिवरा, दहिसर ह्या राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांत उगम पावणाऱ्या नद्या आपण नाले केल्या आहेत, आणि भरतीने त्या जे आणून टाकतात ते आपलेच असते. गोराईच्या खाडीच्या अलीकडच्या काठाला तर १९७२ पासून २००७ पर्यंत शहराचा उकिरडा होता. शहराला खाडी आठवली ती अशी!

आता पलीकडे गेल्याशिवाय ह्या बोलण्याला अर्थ नाही. आम्ही गेल्या हिवाळ्यात मार्व्याहून मनोरीस गेलो. ओहोटी लागली होती. होडीच्या एका अंगाला मोटारसायकली, दुसऱ्या अंगाला भाजीची पोती, शाळेची मुले, एक नवरदेवाची बॅग. मनोरीच्या धक्क्यापुढे रस्ता वाड्यांतून जातो. बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत होते, जबड्यात जबडा अडकवून जोडीने टांगलेले. त्यांचा वास काहींना सोसत नाही. ज्यांना सोसत नाही त्यांनी स्वच्छ किनारा मागू नये, कारण बोंबील वाळविणारा माणूस वाळू स्वच्छ ठेवतो, त्याला ती लागते. वाळूवर दुपारी आम्ही आणि दोन कुत्री एवढेच होतो. उत्तरेस गोराईच्या बाजूला २००९ मध्ये उद्घाटन झालेल्या विपश्यना पॅगोड्याचे सोनेरी टोक झाडांवर दिसत होते.

आक्साविषयी येथेच सावध करतो. तेथला उतार आणि ओढ फसवी आहे. दर पावसाळ्यात तरुण मुले बुडतात. पाटी वाचून पाण्यात शिरणारे मूर्ख नसतात. समुद्र ही करमणुकीची वस्तू आहे असे त्यांना आपण शिकविलेले असते. गावचा कोळी जून आणि जुलैत समुद्रात जात नाही. सरकारी बंदी त्याला आज आहे. नारळी पौर्णिमेचा नेम त्याहून फार जुना आहे.

किनारा राखण्यास कायदा नाही असे नाही. १९९१ मध्ये किनारी क्षेत्राचे नियमन आले. २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांची तोड रोखली. गोराई-मनोरी-उत्तन पट्ट्यात पर्यटनाचे विशेष आर्थिक क्षेत्र करण्याची योजना निघाली तेव्हा गावे एक होऊन उभी राहिली. आता मनोरीस समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प ठरला आहे, आणि वेसाव्यापासून भाईंदरपर्यंत सागरी मार्गाची आखणी झाली आहे. त्या मार्गासाठी तिवरे तोडावी लागणार, आणि जो मार्ग होईल तो उत्तरेस उतरण्याच्या वाटा आपल्याबरोबर आणणार. ज्या खाडीने हा किनारा राखला ती पुन्हा वाट होईल; पण पूर्वी त्या वाटेवर गावची होडी होती.

ह्यावर 'पूल नकोच' असे म्हणून आम्हांला मोकळे होता येईल. आमचे घर अलीकडे आहे. आम्हांस सोपे आहे. परतताना मनोरीच्या धक्क्यावर सुके बोंबील विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंजवळ आम्ही हाच विषय काढला. किनारा कसा सुंदर राहिला आहे, पूल झाला तर कसा बिघडेल, असे बरेच बोललो. त्यांनी बोंबील मोजता मोजता सारे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, मास्तर, माझ्या सुनेला रात्री कळा लागल्या तेव्हा शेवटची होडी गेली होती. गाडी भाईंदरवरून फिरून गेली. पोर वाटेतच झाले. ते सुखरूप आहे, शाळेत जाते, हेही त्यांनी सांगितले. पूल झाल्यावर जमिनीचे काय होईल असे आम्ही विचारले, तेव्हा त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि वाडी विकलेल्या तीन घरांची नावे घेतली. चौथे नाव घेताना थांबल्या. पुढे काही बोलल्या नाहीत.

अवाबाईंच्या पुलाची गोष्ट सांगावी असे आमच्या मनात आले होते, सांगितली नाही. ओहोटी पुरी झाली होती, होडी धक्क्यापासून दूर उभी होती, आणि तिच्यापर्यंत चिखलातून फळीवरून जावे लागत होते. बाईंनी नातवाला हाक मारली. त्याने आमची पिशवी घेतली, फळीवर आमच्यापुढे चालत गेला आणि होडीत ठेवून परतला.